'काम्बालाचे' : एका टँगोगीताचा अर्थ आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी

टँगोगीत म्हटले की विरह, मद्य आणि ब्युनोस आयरेसच्या वस्त्यांमधील उदास रात्री असे चित्र सामान्यतः समोर येते. एन्रिके सान्तोस डिसेपोलो (१९०१–१९५१) यांनी १९३४ मध्ये लिहिलेले व स्वतःच स्वरबद्ध केलेले 'काम्बालाचे' हे गीत या चौकटीत बसत नाही. त्यात प्रेयसी नाही. आहे ती विसाव्या शतकाविषयीची चीड. 'काम्बालाचे' म्हणजे जुन्या-पुराण्या वस्तूंचे दुकान. मोलाची वस्तू आणि भंगार तेथे एकाच काचेमागे शेजारी-शेजारी पडलेले असतात. हीच या गीताची मध्यवर्ती प्रतिमा होय.

६ सप्टेंबर १९३० रोजी जनरल उरिबुरू यांनी निर्वाचित अध्यक्ष इरिगोयेन यांना पदच्युत केले. तेव्हापासून १९४३ पर्यंतचा काळ अर्जेंटिनाच्या इतिहासात 'कलंकित दशक' म्हणून ओळखला जातो. निवडणुकांतील गैरप्रकारांना 'देशभक्तीपर लबाडी' असे गोंडस नाव मिळाले होते. जागतिक मंदीचा फटका होताच. प्रामाणिक आणि अप्रामाणिक माणसाची किंमत सारखीच, हे विधान तत्कालीन श्रोत्यास तत्त्वचिंतन वाटले नसावे; तो त्याचा रोजचा अनुभव होता.

गीतातील व्यक्तिनामांची यादी विशेष लक्षणीय आहे. फ्रान्समधील आर्थिक घोटाळ्याचा सूत्रधार स्टाव्हिस्की जानेवारी १९३४ मध्ये मरण पावला. डॉन बॉस्को यांना त्याच वर्षी एप्रिलमध्ये संतपद मिळाले. मुष्टियोद्धा कार्नेरा याने जूनमध्ये जगज्जेतेपद गमावले. म्हणजे ही नावे स्वैरपणे आलेली नाहीत. ती त्या वर्षीच्या वृत्तपत्रांतून आली आहेत आणि त्यांच्याच रांगेत राष्ट्रमुक्तिदाता सान मार्तिन उभा केला आहे. वृत्तपत्राचे पान हेही एक काम्बालाचेच! नंतरच्या काही गायनांत स्टाव्हिस्कीच्या जागी संगीतसंचालक तोस्कानिनी येतो. या बदलाने ठग आणि संत यांच्या शेजाराचा दंश नाहीसा होतो, हे नमूद केले पाहिजे.

पाणी तापविण्याच्या बंबाशेजारी रडणारे बायबल ही गीतातील सर्वांत गाजलेली प्रतिमा. फुकट वाटलेल्या बायबलच्या पातळ पानांचा न्हाणीघरात होणारा उपयोग येथे सूचित आहे, असा तिचा एक अर्थ लावला जातो. तो न स्वीकारताही दुकानाच्या काचेमागील विटंबना पुरेशी बोलकी आहे.

तथापि गीताची एक मर्यादा सहसा दुर्लक्षिली जाते. भेद पुसले गेल्याची तक्रार करणारे हे गीत स्वतःही भेद पुसते. बैलासारखा राबणारा आणि कायद्याबाहेर जगणारा यांना ते एकाच मापाने मोजते. सत्ताधाऱ्यांपैकी कोणाचेही नाव मात्र घेत नाही. सारेच दोषी म्हटले की कोणालाच जाब विचारता येत नाही. प्रत्येक पिढीला हे गीत आपलेसे वाटते, याचे एक कारण ही मोघमता असावी. शेवटच्या कडव्यातील उपदेश उपरोधाचा आहे, पण तो शब्दशः घेणाऱ्यास अडविणारे गीतात फारसे काही नाही.

१९४३ च्या लष्करी राजवटीने नभोवाणीवर लुन्फार्दो या बोलीवर निर्बंध घातले आणि डिसेपोलोंच्या गीतांनाही त्याची झळ पोहोचली. पुढे १९५१ मध्ये याच कवीने नभोवाणीवरून पेरॉन यांची उघड बाजू घेतली. सर्वांना एका रांगेत बसविणाऱ्या गीताबद्दल त्याच्यावर कोणी रुसले नव्हते. या पक्षपातामुळे मात्र अनेक मित्र दुरावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचे निधन झाले.