सत्तेचाळीस भागांनंतरचं प्यादं

'द वायर' या अमेरिकी मालिकेच्या तिसऱ्या भागात बाल्टिमोरच्या एका सरकारी वसाहतीत, उघड्यावर टाकलेल्या नारिंगी सोफ्याजवळ डिअँजेलो दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतो. प्यादी लवकर मरतात, हे तो त्यांना आपल्या ड्रग्जच्या धंद्याच्याच भाषेत सांगतो. हुशार असली तर नाही मरणार, असं त्यांतल्या बोडीचं म्हणणं. हे २००२ सालचं. २००६ मध्ये पन्नासाव्या भागात तोच बोडी बागेतल्या बाकावर पोलिसापाशी मन मोकळं करतो आणि स्वतःला पटावरची सोंगटी म्हणतो. मधल्या शेहेचाळीस भागांत जुनं दृश्य कुणी उगाळत नाही, इथेही ते पुन्हा दाखवत नाहीत. ज्याला आठवतं, त्याच्या पोटात खड्डा पडतो. त्याच रात्री बोडी आपल्या नाक्यावर मारला जातो.

मालिकेतल्या दीर्घकथनाची खरी सामग्री ही आहे: प्रेक्षकाची स्मृती. डेव्हिड सायमन पूर्वी वार्ताहर होता, एड बर्न्स आधी पोलिस आणि नंतर शाळामास्तर. साठ भागांत त्यांनी शहर रचलं ते प्रेक्षकावर भरवसा टाकून.

आपल्याकडे लांबीची वाण नाही. 'चार दिवस सासूचे'ने तीन हजारांहून अधिक भाग केले. पण आपल्या बहुतेक मालिका प्रेक्षकाला विसराळू धरूनच लिहिल्या जातात. कालचा प्रसंग आज पुन्हा, नायिकेला आठवण आली की फ्लॅशबॅक, शिवाय प्रत्येकाच्या तोंडी आधीच्या कथेची उजळणी. दोष एकट्या लेखकाचा नाही. दर आठवड्याला टीआरपी येतो, त्यावर ट्रॅक वळतो. एक जण कथा लिहितो, दुसरा पटकथा, तिसरा संवाद. अशा घाईत सहा महिन्यांनी उगवणारं बी पेरायचं कुणी?

तरी 'अग्निहोत्र' या मालिकेने ते पेरलं होतं. विखुरलेलं घर आणि त्या घराचे विखुरलेले गणपती यांचा शोध एकच असल्यामुळे जे सापडलं त्याचा हिशेब प्रेक्षक स्वतः ठेवत होता. दैनंदिन मालिकेचं एक बळ तर 'द वायर'कडेही नाही. आपल्या घरी गणपती बसतात त्याच आठवड्यात मालिकेतल्या घरीही बसतात. पात्रं आपल्याबरोबर वर्षं काढतात. 'आभाळमाया'ची सुधा अनेक घरांत नात्यातली बाई झाली, ती या सहवासामुळे. या काळाचा, त्याच्या लयीचा अभ्यास मराठीत जवळजवळ झालेलाच नाही, याची मला खंत वाटते.

आपली समीक्षा मालिका सुरू होते तेव्हा लिहिली जाते: नेपथ्य, शीर्षकगीत, नवा चेहरा. चारशेव्या भागाबद्दल कोण लिहितं? तिथे गेल्यावरच कळेल की पहिल्या महिन्यात सासूने कपाटात ठेवलेली किल्ली कुणाला आठवते आहे, की लेखकासकट सगळेच ती विसरले आहेत.