सेवकाची कसूर आणि दोन शिवकालीन पत्रे : एक पुनर्वाचन

मराठीतील व्यवस्थापनविषयक लेखनात व व्याख्यानांत छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांचा आधार घेण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. अपेक्षेप्रमाणे काम न करणाऱ्या कर्मचाऱ्याशी कसे वागावे, हा प्रश्न निघाला की प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना जानेवारी १६७५ मध्ये गेलेल्या खरमरीत पत्राचा दाखला दिला जातो. मे १६७३ मधील चिपळूण छावणीच्या पत्राचा निर्देश मात्र या संदर्भात क्वचितच होतो. ते रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा मानले जाते आणि तिथेच त्याचे वाचन संपते. वस्तुतः दोन्ही पत्रांचा विषय एकच आहे : हाताखालच्या माणसांची कसूर.

१६७५ च्या पत्राची पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी राजपुरीजवळ समुद्रात पद्मदुर्ग उभारला जात होता. दौलतखान व दर्यासारंग या आरमारी अधिकाऱ्यांना लागणारा पैसा व धान्य प्रभावळीच्या सुभ्यातून पोचवण्याचा हुकूम झाला होता. रसद वेळेवर पोचली नाही आणि आरमाराचा खोळंबा झाला. पत्रात सुभेदाराची कानउघाडणी आहेच. शिवाय हबशांनी काही देऊन त्याला आपला चाकर केले असावे, असा उघड संशय आहे, आणि ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, अशी तंबीही आहे. जात व प्रतिष्ठा यांची भीड न धरणारी ही भूमिका त्या काळात असामान्य होती, हे मान्य करावयास हवे.

तथापि, पत्राचे साक्षेपी वाचन केल्यास एक अडचण जाणवते. विलंब ही घटना आहे, फितुरी हा तर्क आहे. पत्रात त्या तर्काला पुरावा दिलेला नाही. सुभ्यात त्या वेळी धान्य शिल्लक होते काय, रोकड जमली होती काय, याचीही चर्चा नाही. युद्धाच्या धामधुमीत राजाने असे लिहिणे समजण्याजोगे आहे. शत्रू समोर असता चौकशीला अवधी नसतो. परंतु ज्यांच्या समोर असा शत्रू नाही, तेही या पत्रातून नेमका संशयच शिकतात. अमेरिकन विचारवंत डेमिंग यांचा लाल मण्यांचा प्रयोग येथे आठवतो. पांढऱ्या व लाल मण्यांच्या पेटीत कामगाराने खाचांची फळी बुडवायची आणि लाल मणी जास्त आले की बोलणी खायची. पेटीत लाल मणी कोणी टाकले, हे मात्र कोणी विचारत नाही.

चिपळूणचे पत्र याहून वेगळ्या रीतीने चालते. येथे कसूर अद्याप घडलेली नाही. दाणागोटा आताच उधळलात तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेला ओरबाडाल, आणि तिला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील. खर्चासाठी पैसे दिलेले आहेत, तेव्हा लागेल ते बाजारातून विकत घ्यावे. जळता दिवा तसाच राहिला, उंदराने वात ओढून नेली, तर गवताच्या गंजीसह सारी पागा जळेल, इतक्या बारकाव्याने संभाव्य चूक दाखवली आहे. त्यानंतर येणारे विधान या संपूर्ण पत्राचा गाभा होय : आग लागून गेल्यावर माणसांच्या माना मारल्या तरी पागेचा एक खण उभा राहणार नाही. शिक्षेची धमकी देणाराच येथे शिक्षेची मर्यादा सांगतो. साधन आधी, कारणासह सूचना त्यानंतर आणि जरब सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही सेवकाचे वेतन वेळच्या वेळी पावते करण्यावर भर आहे, हे या संदर्भात लक्षणीय ठरते.

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी हा क्रम बहुधा उलटा दिसतो. पतसंस्थेच्या पिग्मी एजंटाचा भरणा घटला की पहिला प्रश्न त्याच्या इमानाचा निघतो. त्या वर्षी पाऊस किती झाला, कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती कधी आले, दुकानदारांचा गल्ला किती उतरला, हे प्रश्न नंतर येतात. पुष्कळदा येतही नाहीत. कापड दुकानातील वा कृषी सेवा केंद्रातील नोकराला तर काम काय व किती, हेच कोणी नीट सांगितलेले नसते. तो बहुधा नात्यातला किंवा ओळखीतून आलेला असतो, म्हणून वर्षभर त्याला काही बोलले जात नाही आणि एके दिवशी दिवाळीच्या तोंडावर एकदम काढले जाते. येथे १६७५ च्या पत्रातील न भिण्याचा भाग खरोखरच उपयोगी पडला असता; नेमका तोच वगळला जातो.

कडक तंबीतही जिवाजी विनायकांना पुढे काय, किती आणि कोणाच्या हवाली करावयाचे, याचा हुकूम त्या पत्रात आहे. व्याख्यानांतून हा हुकूम सहसा ऐकू येत नाही, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.