रूथने बांधलेले घर

१९४९मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीचे ‘रेस रेकॉर्ड्स’ हे नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. बड्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेले हे संगीत अटलांटिक, चेस अशा छोट्या, स्वतंत्र अमेरिकन कंपन्यांनी घरोघर नेले, हे खरेच. पण हा इतिहास केवळ मालकांच्या धाडसाचा नाही. रूथ ब्राउनच्या ध्वनिमुद्रिका इतक्या खपल्या, की अटलांटिकला ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत. मात्र ध्वनिमुद्रणाचा खर्च गायकाच्याच रॉयल्टीतून वळता होई. १९६०च्या दशकात रूथ लोकांकडे घरकाम करत होती. थकलेली रॉयल्टी तिला १९८०च्या दशकात, झगडल्यावर मिळाली. कंपनीला ‘स्वतंत्र’ म्हणण्यापूर्वी समीक्षकाने कलावंताचा करारही वाचायला हवा.