विदर्भ रणजी संघाचे दोन मुख्य प्रशिक्षक : एक तुलनात्मक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी क्रीडालेखनात यशाची चर्चा बहुधा खेळाडूंभोवती फिरते. प्रशिक्षकाच्या कार्याची चिकित्सा क्वचितच आढळते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक स्पर्धेत खेळत आहे. त्याला पहिले विजेतेपद मिळण्यास २०१७-१८ चा हंगाम उजाडावा लागला. हे आणि २०१८-१९ चे विजेतेपद चंद्रकांत पंडित यांच्या, तर २०२४-२५ चे विजेतेपद उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाले. पंडित मूळचे मुंबईकर, तर घनी विदर्भाचेच माजी खेळाडू. ‘बाहेरचा गुरू श्रेष्ठ की घरचा?’ असा प्रश्न त्यामुळे विचारला जातो. हा प्रश्नच अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पंडित यांचा कालखंड

भारतासाठी ५ कसोटी सामने खेळलेले यष्टिरक्षक पंडित २०१७ साली विदर्भाकडे आले. तत्पूर्वी त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने तीनदा रणजी करंडक जिंकला होता. कठोर शिस्त हे त्यांच्या कार्यपद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय. पहिल्याच हंगामात उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी आणि इंदूर येथील अंतिम सामन्यात दिल्लीवर ९ गडी राखून विजय मिळाला. रजनीश गुरबानीचे त्रिक व अक्षय वाडकरचे शतक याच अंतिम सामन्यातील. पुढील वर्षी नागपुरात सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव झाला. आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले.

या यशाचे सर्व श्रेय पंडितांना देणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. २०१८-१९ मध्ये हजाराहून अधिक धावा करणारा वसीम जाफर त्यांच्या आगमनापूर्वीच विदर्भाकडून खेळू लागला होता. शिवाय तेच प्रशिक्षक असताना २०१९-२० मध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीही गाठू शकला नाही. केवळ शिस्तीने यश मिळत असते, तर ते तिसऱ्या वर्षीही मिळावयास हवे होते. दुसरीकडे, २०२१-२२ मध्ये त्यांनी मध्य प्रदेशालाही पहिले विजेतेपद मिळवून दिले, हे विसरता येत नाही. जिंकण्याची सवय नसलेल्या संघाला ‘आपण जिंकू शकतो’ हा विश्वास देणे, ही त्यांची खरी देणगी होय.

घनी यांचा कालखंड

घनी यांच्यापुढील प्रश्न वेगळा होता. विश्वास होता, परंतु विजयाचे शिल्पकार पांगत होते. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात वानखेडे मैदानावर मुंबईकडून १६९ धावांनी पराभव झाला. तथापि, ५३८ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना कर्णधार वाडकरच्या शतकासह संघाने ३६८ धावांपर्यंत झुंज दिली. पुढच्याच वर्षी उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी नमवून विदर्भाने त्या पराभवाची परतफेड केली. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ३७ धावांची पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरली. विशेष म्हणजे २०१९ चा नायक सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता. त्याच्यासारख्याच डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीने हर्ष दुबेने या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ व ७३ धावा केल्या. जुनी फळी गेल्यावर नवी उभी राहणे, हे घनींच्या काळाचे यश होय. अर्थात, येथेही करुण नायरसारख्या बाहेरून आलेल्या फलंदाजाचा वाटा मोठा आहे.

निष्कर्ष

केवळ करंडक मोजल्यास पंडित पुढे ठरतात. परंतु तो निकष एकांगी आहे. पंडितांनी बांध फोडला, घनींनी पाणी वाहते ठेवले. पहिल्या कामास धाक उपयोगी पडतो, दुसऱ्यास सातत्य लागते. दोन्ही काळांना जोडणारा दुवा वाडकर आहे : एकाच्या हाताखाली पदार्पण करणारा तरुण दुसऱ्याच्या काळात विजेता कर्णधार झाला.

अध्यापकांनाही यातून बोध घेता येईल. निकालाच्या टक्केवारीवरून शिक्षकाची प्रत ठरविताना त्याच्या हाती कोणता वर्ग आला आणि त्याच्यामागे काय टिकले, हे आपण पाहतो काय? विदर्भाच्या क्रिकेटचे मूल्यमापनही अखेर याच कसोटीवर व्हावे. नागपुरातील करंडकांची संख्या महत्त्वाची आहेच. पण अल्लीपूरसारख्या गावातील मुलाला योग्य वयात योग्य प्रशिक्षक लाभतो की नाही, हा प्रश्न तिच्याहून मोठा आहे.