अनुक्त कर्ता आणि प्रचारातील प्रामाणिकपणा : एका जाहिरातवाक्याची समीक्षा (खानदेशच्या संदर्भात)

निवडणूक प्रचारातील नकारात्मक जाहिरात आणि असत्य जाहिरात या दोन संज्ञा पुष्कळदा समानार्थी मानल्या जातात. वस्तुतः प्रतिपक्षाचे दोष दाखविणे हे लोकशाहीत विरोधकांचे कर्तव्यच होय. दोष पडताळता येईल अशा रीतीने मांडला आहे काय, एवढाच प्रश्न उरतो. या दृष्टीने २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील भारतीय जनता पक्षाचे ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ हे जाहिरातवाक्य अभ्यसनीय आहे.

‘नेऊन ठेवलाय’ या क्रियापदाला कर्ता हवा. तो येथे अनुक्त आहे. कर्मणी प्रयोग शिकविताना वर्गात द्यावे, इतके हे उदाहरण चोख आहे. ‘माझा’ हा शब्द नामानंतर आल्याने राजा बढे यांच्या ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ या गीताचे स्मरण होते आणि पक्षाचा आरोप सामान्य माणसाची व्यथा होऊन समोर येतो. शिवाय वाक्य प्रश्नार्थक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी जाणूनबुजून केलेले, त्याच्या निवडणुकीस बाधक असे खोटे विधान भ्रष्ट आचरण ठरते. येथे ना उमेदवार आहे, ना विधान. कायद्याच्या हाती काहीच लागत नाही.

जळगाव जिल्ह्यातील मतदाराला मात्र या प्रश्नाचे ठोस रूप परिचित होते. अमळनेर तालुक्यात पाडळसे येथे तापीवर होऊ घातलेला निम्न तापी प्रकल्प २०१४ मध्ये अपूर्णच होता. ही उणीव प्रकल्पाच्या नावानिशी, वर्षांनिशी मांडली असती, तर जाहिरात तितकीच नकारात्मक, परंतु प्रामाणिक ठरली असती. तसे करण्यात एक अडचण होती. तापी पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ मध्ये स्थापन झाले, तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचेच सरकार होते. नाव घेताच हिशेब १९९९ नंतरच्या आघाडी सरकारांपाशी न थांबता आणखी मागे गेला असता. अनुक्त कर्त्याचे संरक्षण प्रतिपक्षापेक्षा प्रश्नकर्त्यालाच अधिक लाभले.

पुढे भाजप सत्तेवर असताना विरोधकांनी हाच प्रश्न त्या पक्षाकडे वळविला. त्यासाठी एक अक्षरही बदलावे लागले नाही. पाडळसे तेव्हाही अपूर्णच होते.

याउलट, धुळे येथे १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेचे भूमिपूजन झाले. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे तोही प्रचारच, असे कोणी म्हणेल. पण तेथे योजनेचे नाव, स्थळ आणि दिनांक नोंदलेले आहेत, आणि झालेला विलंब त्या दिनांकापासून कोणालाही मोजता येतो.