खडे, शिंपले आणि दट्ट्यांचा ठोकळा

पर्यायी बालशिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा साधनांपाशी येऊन थांबते. माँटेसोरीबाईंची साधने महाग होती. ताराबाई मोडकांनी त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे आणले. पद्धत स्वस्त आणि देशी झाली, अशी मांडणी वारंवार केली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

मारिया माँटेसोरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडले. म्हणजे मूळ पद्धतही श्रीमंतांसाठी नव्हती. तिच्या साधनांचे मर्म किमतीत नाही, रचनेत आहे. लाकडी ठोकळ्यात दहा दट्टे. प्रत्येक दट्टा आपल्याच खाचेत नीट बसतो. चुकीच्या खाचेत घातला तर शेवटी एक दट्टा उरतो. चूक साधनच दाखवते, बाईंनी बोलायची गरज पडत नाही.

खडा मात्र चूक दाखवत नाही. शिंपल्यांची लहान-मोठी रांग मांडताना मूल कुठे अडले, हे पाहणारे माणूसच जवळ हवे. साधन स्वस्त झाले, की शिक्षिकेची जबाबदारी वाढते. ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्या कामाचा हा पैलू समीक्षकांनी फारसा तपासलेला दिसत नाही. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यातल्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शिकू शकावी म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. या प्रत्येक निर्णयामागे मुलाच्या दिवसाचे बारीक निरीक्षण आहे. बिया-शिंपले हे त्या निरीक्षणाचे फळ होते, त्याचा पर्याय नव्हे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा त्यात आल्या. पोषणाचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण ज्या पद्धतीत सारा भार शिक्षिकेच्या नजरेवर आहे, तिथे त्याच बाईच्या हाती तराजू, आहार आणि नोंदवह्याही दिल्या, तर मुलाकडे बघायचे कोणी?

शहरात उलटे घडले. ‘माँटेसोरी’ ही पाटी झाली. दट्ट्यांचा ठोकळा कपाटात शोभेला, आणि तीन वर्षांच्या हातात पाटी-पेन्सिल. गावात अंगण उरले, नजर हरवली. शहरात साधन उरले, मोकळीक हरवली.

म्हणून एखादी बालवाडी पर्यायी आहे का, हे ठरवताना फलक आणि साहित्य यांच्या आधी एक गोष्ट पाहावी: मूल चुकत असताना शेजारी कोणी स्वस्थ बसून पाहत आहे का, आणि तेवढी सवड त्या बाईला कोणी दिली आहे का. बाकीचे खडे-शिंपले कुठेही मिळतात.