नाचणीचा आकडा आणि पाकिटाचे मौन

मुरबाडकडे खाचरात भात पिकतो, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. घरच्या धान्यावर लेबल नसते. ते असते दुकानातल्या नाचणीच्या बिस्किटांवर. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्या अनेकांना खाण्यातली कर्बोदके मोजावी लागतात. त्यांच्यासाठी हे लेबल म्हणजे मापच. मग ते माप कितपत खरे?

लेबलाचा मोठा दोष असा, की कर्बोदकांच्या आकड्यात चोथा धरला आहे की नाही, हे ते बहुधा सांगत नाही. चोथा हाही बव्हंशी कर्बोदकच. पण तो लहान आतड्यात पचत नाही, म्हणून त्यातून रक्तात साखर येत नाही. अमेरिकेत एकूण कर्बोदकांत चोथा धरतात, युरोपात वगळतात. 'चोथा वजा करा' हा सल्ला अमेरिकी लेबलापुरता आहे. चोथा आधीच वगळलेल्या आकड्यातून तो पुन्हा वजा केला, तर कर्बोदके कमी मोजली जातात, इन्शुलिन कमी पडते आणि साखर चढते.

रीत न सांगता दिलेला आकडा कसा फसवतो, ते नाचणीवरूनच पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम नाचणीत कर्बोदके ७२ ग्रॅम आणि चोथा ३.६ ग्रॅम आहे. २०१७ च्या कोष्टकात हेच आकडे ६६.८ आणि ११.२ आहेत. इथे बदलली ती मोजण्याची रीत. पूर्वी आम्ल व अल्कलीत उकळून जे उरे तेवढ्यालाच चोथा म्हणत. बाकीचा कर्बोदकांत जाई. नव्या आकड्यांत पाणी १०.९, प्रथिने ७.२, मेद १.९ आणि राख २.० मिळवा. बेरीज बरोबर १०० येते. म्हणजे ६६.८ मध्ये चोथा नाही. कोष्टकाची अशी पडताळणी करता येते. पाकिटावर पाणी आणि राख दिलेली नसल्याने तिथे ती करता येत नाही.

२०२० च्या नियमांनी वरून घातलेली साखर वेगळी दाखवणे सक्तीचे केले, हे चांगलेच झाले. पण चोथ्याचा आकडा त्याविषयी दावा केला तरच द्यावा लागतो. शिवाय मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पुरा होतो. मराठीची सक्ती नाही.

वर्गात मुलांना रिकामी पाकिटे आणायला सांगावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. 'नाचणी' बिस्किटांत मैदा पहिला आला, तर चोथ्याची फार आशा नको. आणि 'चोथा धरून' की 'चोथा वगळून', एवढे दोन शब्द छापण्याचा आग्रह ग्राहकांनी धरायला हवा. तोपर्यंत वजाबाकी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.